ठिणगी भांड्याची होती, गुरुजी

उदगीरहून आलेलं पत्र:

“ताई, नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली, मंडळींना जाऊन दोन. लेक पुण्यात असते. गॅस चालू ठेवून विसरलो असं माझ्या हातून दोनदा झालं, म्हणून रात्री गॅस लावायचा नाही अशी तिनं शपथ घातली आणि दिवाळीला मायक्रोवेव्ह आणून दिला. लेक इथं होती तोवर एका काचेच्या भांड्यात तीच गरम करायची. ती पुण्याला परतल्यावर पहिल्याच दिवशी ते भांडं मी ओल्या ओट्यावर टेकवलं आणि ते तडकलं. दुसऱ्या दिवशी डब्यातली आमटी स्टीलच्या पातेलीत ओतून, चमच्यासकट आत ठेवली. तडतड आवाज झाला, निळ्या ठिणग्या उडाल्या. मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि यंत्रावर टॉवेल टाकला, तो अजून तसाच आहे. रात्रीचं गारच खातो. घरात भांडी ढीगभर आहेत. स्टील, ज्यावर मंडळींचं नाव कोरलेलं आहे, पितळ, जर्मन, सोनेरी काठाच्या कपबशा, लेकीच्या लग्नात उरलेला मेलामाइनचा डिनर सेट, श्रीखंडाचे 19 रिकामे डबे. यातलं काय चालतं? शेजारचे म्हणतात रेडिएशननं अन्न नासतं. यंत्र बिघडलं असेल का? लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही.”

गुरुजी, नमस्कार.

आधी तो टॉवेल काढा. यंत्राच्या मागे आणि बाजूला हवा खेळायला झरोके असतात. ते झाकलेले असताना कुणी बटण दाबलं तर यंत्र आतून तापेल. आणि खरं सांगू का, तुमच्या पत्रातल्या ठिणग्यांपेक्षा ती रात्रीची गार आमटी माझ्या जास्त जिवाला लागली. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी गार झाली की वर तेलाचा थर धरतो आणि चव निम्मी होते. ती रोज तशी खायची तुम्हाला काहीच गरज नाही.

यंत्र बहुधा धड असेल. दोन-चार सेकंदांच्या ठिणगीनं ते सहसा मरत नाही. तरी तपासून घ्या. प्लग काढा, दिवा जवळ धरून आतल्या भिंती नीट पाहा. कुठं काळा डाग पडलाय का, रंगाचा पोपडा निघालाय का, ते बघा. एका बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा दिसेल. तो बहुतेक यंत्रांत अभ्रकाचा असतो, लहरी तिथून आत येतात. त्यावर आमटीचे शिंतोडे उडून करपले की पुढं तिथंच ठिणग्या पडायला लागतात, म्हणून तो ओल्या फडक्यानं पुसलेला असावा. जळून भोक पडलं असेल तर तेवढा तुकडा बदलून मिळतो. सगळं ठीक दिसलं की सोनेरी काठ नसलेला एक साधा पांढरा चिनीमातीचा कप घ्या, घरात नसेल तर शेजारून मागा. कपभर पाणी घालून एक मिनिट चालवा. ठिणगी पडली नाही आणि पाणी तापलं, म्हणजे यंत्र ठणठणीत. नुसत्या पाण्यालाही ठिणगी पडली तर मात्र बंद करून मेकॅनिकला बोलवा. स्क्रू काढून स्वतः आत बघायला जाऊ नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरसुद्धा माणसाचा जीव घेईल एवढी वीज साठून राहू शकते.

आता शेजाऱ्यांच्या रेडिएशनचं. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला मुळापासूनच सांगते, म्हणजे तुम्ही त्यांनाही समजावून सांगाल. यंत्राच्या पोटात मॅग्नेट्रॉन नावाचा एक भाग असतो. तो 2450 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. जातकुळीनं त्या रेडिओच्या लहरींच्या जवळच्या. 1945 साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर हे अभियंते रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ काम करत असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून हे यंत्र निघालं, असं सांगतात. या लहरींची सेकंदाला 245 कोटी आवर्तनं होतात. अन्नातले पाण्याचे रेणू त्यांच्या तालावर वळायला बघतात, एकमेकांना घासतात, आणि त्या घासण्यातून ऊब तयार होते. बस, एवढंच. एक्स-रेसारखी अणूतला इलेक्ट्रॉन उडवायची ताकद या लहरींत नाही. बटण बंद झालं की दिवा विझल्यावर उजेड जावा तशा त्या संपतात, अन्नात काही उरत नाही. दाराच्या काचेवर जी बारीक जाळी दिसते तिची भोकं मिलिमीटरभराची असतात आणि लहरीची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर, त्यामुळं ती भोकातून बाहेर पडू शकत नाही. दार वाकलं, नीट बसेना झालं, काच फुटली, तर मात्र यंत्र वापरायचं नाही. काळजी करायची ती एवढ्या एका जागी करा.

भांड्याचं सगळं कोडं या एका गोष्टीत आहे. चुलीवर आधी भांडं तापतं, मग भांड्यामुळं अन्न तापतं. इथं उलटं. लहरी भांड्यातून आरपार जातात, आधी अन्न तापतं आणि अन्नामुळं भांडं तापतं. म्हणून घरातलं कुठलंही भांडं हातात घेतलं की त्याला तीन प्रश्न विचारायचे. तू लहर परतवतोस का? तू स्वतःच लहर पितोस का? आणि तुझ्यात जे अन्न तापणार आहे त्याची धग तू सोसशील का? तुमच्या मांडणीवरची सगळी भांडी या तीन प्रश्नांनी मला इथं बसून वेगळी करता येतात.

पहिल्या प्रश्नाला स्टील, पितळ, तांबं, जर्मन, लोखंड, सगळे नापास. धातू लहरी परतवतो. तुम्ही म्हणाल, मग यंत्राची आतली भिंतही पत्र्याचीच आहे की. आहे, आणि ती लहरी परतवते म्हणूनच त्या आत कोंडून राहतात. फरक काठांचा आणि टोकांचा आहे. लहरींनी धातूत विजेचा भार हलतो आणि तो काठावर, टोकावर, सुरकुतीवर गोळा होतो. चमच्याचं टोक पातेलीच्या काठाला जवळजवळ टेकलं की मधल्या हवेतून ठिणगी उडी मारते. तुमच्याकडं झालं ते हेच. शिवाय स्टीलच्या पातेलीत लहरी फक्त वरच्या तोंडातून शिरतात, त्यामुळं ठिणगी नाही पडली तरी आमटी वरून कढत आणि खालून गार.

उघड दिसणारा धातू कुणीही बाहेर ठेवील, दगा देतो तो लपलेला. तुमच्या कपबशांचा सोनेरी काठ खरोखरच धातूचा मुलामा असतो. तो काळा पडतो, ठिणग्या टाकतो. त्या कपबशा पाहुण्यांच्या चहालाच राहू द्या. लग्नकार्यात मिळणारे चंदेरी चकाकीचे कागदी द्रोण आणि ताटल्या, त्यांच्यावर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा पापुद्रा असतो. उरलेली बुंदी कुणी त्याच द्रोणात तुमच्याकडं धाडली तर काढून घ्या, द्रोणासकट आत ठेवू नका. हॉटेलच्या पार्सलची फॉइल, पुडक्याला मारलेली पिन, पोळ्यांचा हॉटपॉट (बाहेरून प्लॅस्टिक, पण आत स्टील), लोणच्याच्या बरणीला गुंडाळलेली तार, एवढंच काय, जरीच्या काठाचा रुमालसुद्धा. हे सगळं बाहेर.

दुसरा प्रश्न विचारायचं लोकांना सुचत नाही, म्हणून त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. काही भांडी लहर आरपार जाऊ देत नाहीत, परतवतही नाहीत, ती स्वतःच पितात आणि तापतात. मेलामाइन त्यातलं. तुमच्याकडं डिनर सेट आहे तसा तो मराठवाड्यात घरोघरी आहे. आहेरात येतो, फुटत नाही, हलका, फुलाफुलांचा. माझ्या घरीही होता. मुलगा लहान असताना त्याची सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा उपमा, मी वर्षभर त्याच ताटलीत गरम करून दिली. दरवेळी ताटली हाताला चटका द्यायची आणि सुशीला मध्ये गारच असायची. मला वाटायचं, यंत्र स्वस्तातलं आहे. मग एक दिवस ताटलीच्या मधोमध बारीक चीर दिसली आणि कडेची फुलं तपकिरी झालेली दिसली, तेव्हा कळलं की यंत्र ताटली तापवत होतं. मेलामाइन हे मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड या दोन रसायनांपासून बनवतात. जास्त तापलं, साधारण 70 अंशांच्या पुढं गेलं, की ती दोन्ही थोडी थोडी अन्नात उतरायला लागतात, आणि अन्न आंबट असेल तर जास्त. चिंचेची आमटी, कढी, टोमॅटोचं सार, आपलं तर अर्धं जेवण आंबट. 2008 साली चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत हेच मेलामाइन मिसळलं होतं आणि लाखो लेकरांची मूत्रपिंडं दुखावली. ताटलीतून उतरणारं प्रमाण त्याच्या मानानं फार कमी असतं, घाबरून सेट उकिरड्यावर टाकू नका. त्यात वाढा, खा. तापवू मात्र नका. ताट उलटं करून पाहा, तळाशी मेलामाइन असं उठवलेलं असतं. नसेल तर वाजवून बघा. काच, चिनीमाती खणकन वाजते, हे बदकन.

साध्या मातीचं मडकं, दह्याचं गाडगं, चहाचं कुल्हड यांनाही हाच दोष, पण कारण वेगळं. बिनझिलईची माती पाणी पिऊन बसलेली असते. लहरी त्या पाण्याला धरतात, माती तापते आणि मग तडकते. लाकडाचंही तसंच. त्यातलं पाणी उडून ते वाळतं, चिरतं. काठवट, पोळपाट, लाकडी वाट्या यांची ती जागाच नाही.

चिनीमातीचं काय, हे एका शब्दात सांगता येत नाही, कारण चिनीमाती दहा तऱ्हेची असते. साधी पांढरी, गुळगुळीत, बिनसोनेरी असेल तर बहुधा चालते. शंका आली तर तपासायची सोपी रीत आहे, तुमच्या वर्गातल्या प्रयोगासारखी. चालतो अशी खात्री असलेल्या कपात पाणी घ्या, त्याच्या शेजारी शंकेचं भांडं रिकामं ठेवा आणि एक मिनिट चालवा. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं, तर ते पास. भांडं तापलं आणि पाणी कोमटच, तर ते लहर पितंय, परत ठेवून द्या. शेजारी पाणी हवंच. पिणारं काही आत नसलं की लहरी फिरून मॅग्नेट्रॉनवरच उलटतात आणि तो खराब होतो. धातूचा काठ असलेल्या भांड्यावर हा प्रयोग करायचा नाही. एक गोष्ट या प्रयोगातही कळत नाही. भडक रंगाच्या, जुन्या किंवा रस्त्याकडेला घेतलेल्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट गरम अन्नात ते उतरतं. जत्रेत घेतलेली रंगीत वाटी शोभेला ठेवा.

तिसरा प्रश्न प्लॅस्टिकचा, म्हणजे तुमच्या 19 डब्यांचा. श्रीखंडाचा डबा टाकवत नाही, मला ठाऊक आहे. माझ्या आईच्या फडताळात अजून साबुदाणा त्याच डब्यात आहे आणि तो तिथं शोभतोही. पण तो डबा गार वस्तूसाठी, एका वापरासाठी बनवलेला, पातळ. त्यात आमटी तापवली की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तळ वाकडा होतो आणि वाकताना प्लॅस्टिकमधलं काहीबाही अन्नात जातं.

डब्याच्या बुडाला बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो. 1 म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटल्या आणि तुपाच्या बरण्या, ते 70-80 अंशांतच मऊ पडतं. 3 म्हणजे पीव्हीसी, 6 म्हणजे पॉलिस्टायरिन, थर्माकोलचे कप आणि ताटल्या त्याच्याच. हे तिन्ही कधीच नाहीत. 7 मध्ये बाकी सगळी भेसळ येते, तेही नको. 5 म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ते वितळायला 160 अंशांच्या आसपास लागतात, म्हणून मायक्रोवेव्हचे डबे बहुतेक त्याचेच असतात. पण नुसता 5 चा आकडा पुरत नाही. आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, डबा किती जाड आहे आणि कशासाठी घडवला ते सांगत नाही. त्यावर मायक्रोवेव्ह सेफ असं लिहिलेलं किंवा नागमोडी रेघांचं चिन्ह हवं. बीपीए-फ्री लिहिलंय म्हणजे मायक्रोवेव्हला चालतो, असाही समज आहे. तो चूक. एक रसायन नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि गुरुजी, चिन्ह असलेल्या डब्यालाही आपल्या जेवणापुढं हात टेकावे लागतात, कारण तर्री. पाणी 100 अंशांला उकळतं आणि वाफ होऊन पुढची धग घेऊन जातं, त्यामुळं वरण-भात फार वर चढत नाही. तेलाला तो लगाम नाही. ते 100 च्या पुढं सहज जातं, आणि आपल्या आमटीवर, नान-खलियावर, वांग्याच्या रश्श्यावर ते थर धरून तरंगतं. म्हणून मायक्रोवेव्हमधले डबे पाहा, तळाशी धड असतात आणि तर्रीच्या रेघेवर खरबरीत, खडबडीत, हळदीनं कायमचे पिवळे. ते खवले म्हणजे तिथलं प्लॅस्टिक उकलून निघालेलं. ते कुठं गेलं, हे वेगळं सांगायला नको. साखर-गुळाचंही तसंच. पुरणपोळी वरून कोमट लागते आणि आतलं पुरण जीभ पोळवतं, इतकं ते तापतं. तेव्हा माझं मत सरळ आहे. प्लॅस्टिकवर काहीही लिहिलेलं असो, तर्री, तूप, पुरण, पाक त्यात तापवायचं नाही. साधा भात, भाजीचं पाणी, तेवढ्यापुरतं चांगलं प्लॅस्टिक चालवून घ्या, तेही खरचटलेलं, पांढुरकं पडलेलं नको.

हिवाळ्यात तूप थिजतं, खोबरेल तेल तर 24 अंशांच्या खाली आलं की गोठतं, आणि लोक बरणी-बाटली तशीच यंत्रात ठेवतात. नका ठेवू. तूप चमच्यानं वाटीत काढून तापवा, तेलाची बाटली उन्हात ठेवा. आपल्याकडं उन्हाला काय तोटा.

आता ज्याची वाट बघत होता ते, काच. तिन्ही प्रश्नांना काच पास होते. लहर परतवत नाही, पीत नाही, धग सोसते, डाग धरत नाही, अन्नात काही सोडत नाही. फक्त काच कुठली ते बघायचं. पाण्याचे पेले, मधाच्या आणि जॅमच्या रिकाम्या बाटल्या साध्या काचेच्या. एका बाजूनं तापल्या की ती बाजू फुगते, दुसरी फुगत नाही, आणि मध्ये तडा जातो. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश फुगते, म्हणून ती टिकते. दुकानात बोरोसिलिकेट असं लिहिलेलंच मागा. लेकीचं भांडं तुमच्या हातून तडकलं त्यात तुमचा धांदरटपणा नव्हता. कढत काच ओल्या, गार कडप्प्यावर टेकली की चांगल्यातली चांगली काचही तडकू शकते. ओट्यावर एक घडी घातलेलं कोरडं फडकं कायमचं ठेवून द्या, भांडं त्यावरच टेकवायचं. फ्रिजमधून काढलेलं काचेचं भांडंही लगेच आत ढकलू नका, दहा मिनिटं बाहेर राहू द्या. दुधी रंगाच्या ओपल काचेच्या ताटल्या मिळतात, त्याही चालतात, सोनेरी रेघ नसली म्हणजे झालं.

झाकण ठेवायचं, पण घट्ट लावायचं नाही. काचेच्या भांड्याला प्लॅस्टिकचं झाकण येतं, त्याच्या खटक्या उघड्या ठेवा, नाहीतर वाफ कोंडून ते उडेल. मी स्वतः वर ताटलीच उपडी घालते. एक वाटी आमटी दीड मिनिट तापवा, बाहेर काढून तळापासून ढवळा, पुन्हा अर्धं मिनिट. ढवळायला स्टीलचा चमचा घ्या, पण तो पुन्हा आत जाऊ देऊ नका. दुपारी डबा आला की रात्रीची आमटी लगेच फ्रिजमध्ये टाकत जा आणि रात्री वाफा निघेपर्यंत तापवा. उन्हाळ्यात तर हे चुकवूच नका.

भाकरीसाठी भांडंच लागत नाही. सुती फडकं ओलं करून पिळून घ्या, त्यात भाकरी गुंडाळा, 20-25 सेकंद. मऊ निघते. जास्त ठेवली तर चामडं होतं, मग कढीत बुडवूनही तुटत नाही. फडक्याऐवजी वर्तमानपत्र वापरू नका. 2018 च्या अन्न सुरक्षा नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायलाच मनाई केली आहे, शाई अन्नाला लागते म्हणून, आणि यंत्रात तो कागद पेटूही शकतो. खाकी पिशवीचं तसंच. पळसाची वाळलेली पत्रावळही नको. केळीचं हिरवं पान चालतं. पापड तर सरळ फिरत्या काचेवर ठेवा.

एकटे राहता म्हणून आणखी तीन गोष्टी सांगते, भांड्याच्या बाहेरच्या. चहाचं पाणी गुळगुळीत कपात नुसतंच तापवलं तर ते कधी कधी बुडबुडा न येता उकळीच्या पुढं जातं आणि पत्ती टाकताच किंवा हलवताच एकदम उसळून हातावर येतं. तापवायच्या आधीच त्यात साखर आणि चहापत्ती टाका आणि यंत्र थांबल्यावर अर्धं मिनिट कप आतच राहू द्या. उकडलेलं अंडं गरम करायला ठेवू नका, सोललेलं असलं तरी ते फुटतं, कधी कधी तर बाहेर काढून घास घेताना. आणि आत काही पेटलंच, तर दार उघडायचं नाही. भिंतीवरचं बटण बंद करा आणि दार लावलेलंच ठेवा, हवा न मिळाल्यानं आग आपोआप विझते. तुम्ही त्या दिवशी नेमकं हेच केलंत. कुणी न शिकवता.

तुमच्या यंत्रावर कन्व्हेक्शन किंवा ग्रिल असं लिहिलं असेल तर सोबत एक तारेची तिवई आली असेल. तिथं नियम पालटतात. त्या बटणांवर हवा किंवा सळई तापते, 180-200 अंशांपर्यंत, आणि मग कुठलंही प्लॅस्टिक, अगदी चिन्हाचंसुद्धा, वितळतं. तुम्हाला ती बटणं लागणार नाहीत. लेकीला सांगा, तुमचं एकच बटण कुठलं त्यावर लाल टिकली लावून दे.

म्हणजे लेकीला सांगायचं आलंच. सांगा, गुरुजी. ठिणग्यांचंही सांगा आणि फुटलेल्या भांड्याचंही. तिनं यंत्र दिलं ते तुम्हाला गरम खायला मिळावं म्हणून. तुम्ही तीन महिने गार खाताय हे तिला दुसरीकडून कळलं तर तिला जास्त लागेल. पंचमीला ती माहेरी येईलच, पण तोवर थांबू नका, कुरिअरनं दोन भांडी मागवून घ्या. एक आमटीच्या मापाचं खोलगट, एक भाताचं पसरट, दोन्ही झाकणासकट. आमटी काचेत तापवा आणि खायला मंडळींच्या नावाच्या वाटीत ओतून घ्या. ती वाटी अडगळीत ठेवायची वेळ आलेली नाही, फक्त यंत्राच्या बाहेर तिची जागा आहे.

आणि मागवायच्या आधी फिरत्या काचेचा व्यास सुतळीनं मोजून लेकीला कळवा. भांडं चौकोनी असेल तर त्याची लांबी-रुंदी धरू नका, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजायला सांगा. तो काचेच्या व्यासापेक्षा दोन बोटं तरी कमी हवा, नाहीतर भांडं भिंतीला अडतं, फिरत नाही आणि आमटी एकाच बाजूला तापते.